इंदूरचे मराठी मंडळ आणि महामारीची दोन वर्षे

महामारीच्या काळात कला घरोघरी पोहोचली, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. नामवंत गायकांच्या मैफली, नाटकांची अभिवाचने, लेखकांच्या मुलाखती असे सारे काही मोबाइलवर फुकटात मिळू लागले आणि इंदूरसारख्या महाराष्ट्राबाहेरच्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाची तर चंगळच झाली, असा या म्हणण्याचा रोख असतो. मला हे अर्धेच पटते. जे बाहेरून येत होते ते अधिक येऊ लागले, यात शंका नाही. पण इथल्याच माणसांनी इथल्याच माणसांसाठी जे चालवले होते, ते या दोन वर्षांत जवळजवळ दिसेनासे झाले, आणि त्याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. मी आमच्या भागातल्या एका छोट्या मराठी मंडळाचे काम बरीच वर्षे करते आहे, त्यामुळे जे जवळून पाहिले तेवढे लिहून ठेवते.

होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांना आता तीनशे वर्षे होत आली. संस्थान गेले, १९५६ साली मध्यप्रदेश झाला, आणि दरबारात व शाळेत मराठीला जी जागा होती ती हळूहळू हिंदीने घेतली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हिंदी आम्हाला परकी कधीच नव्हती. पण आज आमची मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, बाजारात आणि कचेरीत हिंदी बोलतात, आणि रस्त्यात दोन मराठी माणसे भेटली तरी तिसरा हिंदीभाषक सोबत असला की बोलणे आपोआप हिंदीकडे वळते. घराबाहेर चारचौघांत मोकळेपणाने मराठी कानावर पडते ती ठिकाणे मोजकीच आहेत: कीर्तनाचा मंडप, नाटकाचे सभागृह, गणेशोत्सवाचे व्यासपीठ, वाचनालय आणि तालमीची खोली. पुण्याच्या माणसाचे नाटक बंद पडले तर त्याचे नाटकच बंद पडते. मराठी त्याला दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे ऐकू येत राहते. आमचे नाटक बंद पडले की घराबाहेरची मराठीच बंद पडते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेमके हेच घडले.

इंदूरच्या मराठी नाट्यरसिकतेविषयी बाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेने सभासदांचे पाच गट केलेले आहेत आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या नाटकाचे प्रयोग या गटांसाठी लागोपाठ होतात. त्यांतल्या काही गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी इथल्याच रसिकांची आणि कलावंतांची नावे आहेत, ही मला त्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. त्याच्या आधीच्या पिढीत बाबा डिके यांच्यासारख्यांनी इथली हौशी रंगभूमी उभी केली. ‘नई दुनिया’चे संपादक असलेले राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, शेजारच्या देवासला राहणारे कुमार गंधर्व ही सगळी मंडळी एकमेकांच्या घरी जाणारी-येणारी होती. आमचे मंडळ या परंपरेच्या अगदी शेवटच्या रांगेत बसणारे. वर्षातून एक एकांकिका, गणेशोत्सवात मुलांचे कार्यक्रम, चैत्रात हळदीकुंकू, एक कीर्तनसप्ताह आणि कोजागिरीला मसाल्याच्या दुधासोबत गाणी, एवढाच आमचा पसारा.

त्या पसाऱ्यात माझ्याकडे काम असते ते प्रॉम्प्टिंगचे. विंगेत स्टुलावर बसून, हातातल्या वहीवर छोटी बॅटरी धरून, नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्यापर्यंत अशा आवाजात पोहोचवायचा की पहिल्या रांगेला तो ऐकू जाऊ नये. या कामामुळे मला तालमीत कोण काय बोलते आहे हे इतरांपेक्षा जास्त ऐकावे लागते. आमच्या मुलांचे मराठी घरी चांगले असते, पण ते स्वयंपाकघरातल्या विषयांपुरते. तालमीत त्यांना प्रथमच मराठीत भांडावे लागते, युक्तिवाद करावा लागतो, एखाद्या खेडुताच्या किंवा वकिलाच्या तोंडचे वाक्य पेलावे लागते. ‘जावई’ आणि ‘जीव’ यांतला ज वेगळा आहे, ‘बाळ’ म्हणताना जीभ कुठे वळते, हे त्यांना कुणी शाळेत शिकवत नाही. दिवसभर हिंदी ऐकलेल्या कानांना ते तालमीतच, हसत-खिदळत आणि एकमेकांच्या चुका काढत उमगते. दोन महिने संध्याकाळी ही मुले एका खोलीत बसतात, आणि प्रयोग कसाही झाला तरी त्या दोन महिन्यांचे जे व्हायचे ते झालेले असते.

२०२० च्या मार्चमध्ये आमची एकांकिका अर्धी बसली होती. रंगपंचमीला राजवाड्यावर येणारी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, त्या वर्षी निघाली नाही, तेव्हाच खरे तर काय ते समजायला हवे होते, कारण गेर रद्द होणे ही इंदूरमध्ये साधी घटना नाही. पण तालमी आणखी काही दिवस चालू राहिल्या. मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू आला आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्यानंतर काही आठवडे इंदूरचे नाव रोजच्या बातम्यांत होते. मध्यप्रदेशातले सर्वाधिक रुग्ण इथेच सापडत होते आणि भाजीसुद्धा दारात मिळेनाशी झाली होती. अशा वेळी एकांकिकेचा विचार करणे कुणालाही शोभले नसते आणि आम्हीही तो केला नाही.

मात्र त्याच चैत्रात एक गोष्ट अशी घडली की ती मी अपेक्षिलीच नव्हती. गौरी झोपाळ्यावर बसलेली, हळदीकुंकवाला बायका येणार नाहीत हे नक्की, आंब्याची डाळ करायला कैरी नाही. तेव्हा आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी आपल्या फ्लॅटच्या उंबऱ्याबाहेर चैत्रांगण काढून त्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला. चैत्रांगण काढणाऱ्या बायका आमच्याकडे चार-दोनच उरल्या होत्या. बाकीच्यांना ठिपक्यांची रांगोळी येते, संस्कारभारतीची येते, पण मखरातली गौर, तिच्या खालचे कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, वर चंद्र-सूर्य ही सगळी चिन्हे कोणती कुठे आणि किती रेघांत काढायची हे माहीत नव्हते. फोटो पाहून दुसरीने विचारले, तिसरीने विचारले, आणि मग त्या बाईंनी रोज एक-एक चिन्ह कागदावर काढून पाठवायला सुरुवात केली. दुकाने बंद असल्याने रांगोळी मिळेना, तेव्हा कुणी तांदळाची पिठी वापरली, कुणी मुलांचा खडू किसला. एकीने जिन्यात गेरूचा हात फिरवून ‘मांडणा’ या माळवी भूमिचित्रासारखे पांढऱ्या खडीने चैत्रांगण रेखले, आणि ते दोन परंपरांचे मिश्रण मला सगळ्यांत इंदुरी वाटले. अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्या समूहावर जितकी चैत्रांगणे जमली, तितकी मी आजवर कधी एकत्र पाहिलेली नव्हती.

याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. चैत्रांगण मुळातच एकट्या बाईने आपल्या अंगणात काढायची कला आहे. तिला सभागृह लागत नाही, साथीदार लागत नाही, प्रेक्षक नसला तरी चालते. ज्या कला अशा घरगुती होत्या त्या महामारीत तगल्या, काही तर फुलल्या. ज्यांना दुसरा माणूस शेजारी बसलेला लागतो त्यांचे हाल झाले, आणि हे हाल सर्वांत आधी भजनी मंडळात दिसले.

आमच्या बायकांचे भजनी मंडळ दर गुरुवारी बसते. मे महिन्यात कुणाच्या तरी मुलाने व्हिडिओ कॉलची सोय करून दिली आणि पहिल्या गुरुवारी सगळ्याजणी नटून-थटून मोबाइलसमोर बसल्या. ‘जय जय रामकृष्ण हरी’ने सुरुवात केली आणि दुसऱ्याच आवर्तनाला सगळा गोंधळ उडाला. एकीची टाळी सम दाखवत असताना दुसरीची तिसऱ्या मात्रेवर पडत होती. नंतर मी याविषयी वाचले तेव्हा कारण कळले: अशा कॉलमध्ये आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा तरी लागतो, आणि एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांना सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यापलीकडचा उशीर सहन होत नाही. बोलताना जो उशीर जाणवतही नाही तो भजनी ठेक्यात सगळी चाल मोडून टाकतो. दुसरी गंमत तंबोऱ्याची. ही साधने माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असल्यामुळे एकसारखा चालू राहणारा कोणताही आवाज त्यांना पंख्याची किंवा रहदारीची घरघर वाटते आणि ती तो पुसून टाकतात. म्हणजे एकीने मन लावून इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला होता आणि बाकीच्यांना तो ऐकूच येत नव्हता. झांजा तर मधूनच तुटक-तुटक यायच्या. शेवटी असे ठरले की एकीने म्हणायचे आणि बाकीच्यांनी आपापला आवाज बंद करून घरात तिच्यामागे म्हणायचे. काही गुरुवार हे चालले. प्रत्येकीला एकच आवाज ऐकू येई आणि आपला स्वतःचा. एका काकूंनी मला फोन करून सांगितले, “अगं, मी म्हणते आहे की नाही हे कुणाला कळतच नाही, तर मी स्वयंपाकच करते तेवढ्यात.” पावसाळ्यापर्यंत हे गुरुवार आपोआप थांबले.

कीर्तनाचे दुखणे याहून वेगळे होते. आमच्या सप्ताहाला येणारे बुवा नारदीय कीर्तन करतात. त्यांनी उत्साहाने आपल्या घरून मोबाइल तिपाईवर लावून कीर्तन केले. अंगावर उपरणे, हातात चिपळ्या, गळ्यात हार, सगळे यथासांग. नमन झाले, पूर्वरंगाचा अभंग घेतला, निरूपणही बरे चालले होते, कारण पूर्वरंग हा काहीसा व्याख्यानासारखा असतो आणि तो पडद्यावर निभतो. मग नामजपाची वेळ आली आणि बुवा सवयीने म्हणाले, “म्हणा सगळे, विठ्ठल विठ्ठल!” आणि थांबले. सगळ्यांचे आवाज बंद होते. दोन-तीन क्षण ते कान देऊन उभे राहिले, मग स्वतःच म्हणू लागले. उत्तररंगात आख्यान लावले तेव्हा साकी आणि दिंडी म्हणताना त्यांचा हात नेहमीसारखा साथीदाराकडे वळे, आणि तिथे भिंत होती. विनोद केला तर हशा नाही, दृष्टान्त दिला तर माना डोलत नाहीत. पुढे भेटले तेव्हा म्हणाले, “ताई, समोर माणूस नसला की दृष्टान्त सुचतच नाही हो. मी लोकांच्या तोंडाकडे बघून आख्यान लांबवतो किंवा आवरतो. मोबाइलच्या तोंडाकडे काय बघणार?” त्यांनी त्यानंतर मंडळासाठी ऑनलाइन कीर्तन केले नाही. समाजमाध्यमांवर नावाजलेल्या कीर्तनकारांची लाखोंनी पाहिलेली कीर्तने होती आणि आमच्याकडचे बरेचजण ती बघत होते. त्यामुळे बुवांची उणीव कुणाला विशेष भासली नाही, आणि मला नेमके याचेच वाईट वाटते.

आमचे तबल्याचे साथीदार काका यांची गोष्टही इथेच सांगते. त्यांचे उत्पन्न तीन ठिकाणांहून येई: घरी येणारे शिकाऊ विद्यार्थी, लग्नसराईतले गाण्याचे कार्यक्रम, आणि कीर्तन-भजनांतली बिदागी. तिन्ही एकाच आठवड्यात थांबली. अशा माणसाला मदत कशी करायची हा नाजूक प्रश्न होता, कारण कलावंतांसाठीच्या सरकारी योजनांत बसायला जे कागद लागतात ते मोहल्ल्यातल्या साथीदाराकडे सहसा नसतात. मंडळाने आपसांत वर्गणी काढली आणि सप्ताहाची बिदागी म्हणून रक्कम त्यांच्या खात्यात टाकायचे ठरवले. काकांनी फोनवर साफ नकार दिला. “अहो, वाजवल्याशिवाय बिदागी कशी घेऊ? ती आरतीच्या तबकात पडते, वर्गणीतून येत नाही.” मग त्यांनीच मार्ग काढला. आपल्या नातवाकडून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घेऊन त्यांनी भजनी ठेका, धुमाळी, केरवा आणि झपताल संथ, मध्य आणि द्रुत लयींत वाजवून पाठवले, की ज्यावर बायकांनी घरी गाण्याचा सराव करावा. वर्गणी त्यांनी त्यानंतरच स्वीकारली. ते ठेके आमच्याकडे अजून आहेत आणि मुले त्यांच्यावर गातात.

साथीचा रोग आणि कला यांचा इंदुरात पूर्वी एकदा असा काही संबंध आला होता की तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकिर्दीत, शहरात प्लेग ठाण मांडून होता आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले होते. त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गेडिस यांनी ओळखले की नुसती फर्माने काढून लोक घाण काढणार नाहीत. त्यांनी दिवाळीला एक मिरवणूक काढवली आणि जाहीर केले की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, तर जे रस्ते लोकांनी उत्तम झाडून-डागडुजी करून ठेवले असतील त्यांवरून जाईल. मिरवणुकीत हत्ती होते, पिकांचे देखावे होते, पडक्या घरांच्या प्रतिकृती होत्या, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि स्वच्छ कपडे घातलेले, हार घातलेले झाडू घेतलेले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले. आजचे इंदूर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येते आणि त्याचे श्रेय आपण योग्य त्या लोकांना देतोच. पण शंभर वर्षांपूर्वी याच शहरात एका साथीला उत्तर म्हणून मूर्तिकार, सुतार, वाजंत्री आणि सफाई कामगार एकाच मिरवणुकीत उतरले होते, हे फार कमी जणांना ठाऊक असते.

कोरोनात ती वाट आम्हाला मोकळी नव्हती. उंदीर आणि पिसवा यांनी पसरणाऱ्या रोगाविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणता येते, माणसाच्या श्वासाने पसरणाऱ्या रोगाविरुद्ध आणता येत नाही. गणेशोत्सवावर याचा जो परिणाम झाला तो इंदूरच्या माणसाने पाहिला नव्हता. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे हलते देखावे, निघण्याची इथली प्रथा १९२० च्या दशकातली. हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल यांचे भोंगे केव्हाच थांबले, हुकुमचंद मिल तर १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगार आपल्या थकबाकीसाठी अनेक वर्षे झगडत राहिले. पण रोजगार गेल्यावरही त्याच कामगारांनी वर्गण्या गोळा करून झांक्या बनवणे सोडले नव्हते. जे गिरणी बंद पडून थांबले नव्हते ते २०२० आणि २०२१ मध्ये थांबले. या झांक्यांत मराठी वस्त्यांतलीही पुष्कळ माणसे राबत आलेली आहेत. हलती चित्रे फिरवणारे मेकॅनिक, लोखंडी सांगाडे जोडणारे वेल्डर, थर्मोकोल कापणारे, रोषणाई करणारे यांचा वर्षभराच्या कमाईतला ठळक वाटा त्या एका रात्रीशी बांधलेला असतो.

मंडपांना परवानगी नसल्यामुळे २०२० साली आमचा सार्वजनिक गणपती बसला नाही आणि मुलांनी हट्टाने आपापल्या घरी मातीचे गणपती करायचे ठरवले. शाडू मिळेना, म्हणून माळव्याची काळी माती घेतली. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना आकसून तडकते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण आमच्या फ्लॅटमधल्या मुलांना ते सोंड गळून पडल्यावर कळले. मग कुणी मातीत कापूस मळला, कुणी भिजवलेल्या वर्तमानपत्राचा लगदा, कुणी गोठ्यातून शेण मागवून आणले. सर्वांत कमी तडे शेण-मातीच्या गणपतीला गेले. एका मुलीने मातीचा नादच सोडून नारळाच्या शेंड्या, आंब्याची कोय, वाळलेली पाने आणि भोपळ्याचे देठ जुळवून गणपती केला. तिला विष्णू चिंचाळकरांचे नाव माहीत नव्हते. चिंचाळकर गुरुजी आयुष्यभर हेच करत आले होते, साली, काड्या, पाने, झाडाच्या खोडाचे तुकडे यांत दडलेले आकार लोकांना दाखवत होते. आणि याच शहरात देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतून ते आणि चित्रकार बेंद्रे व हुसेन शिकून गेले होते. मी तिला गुरुजींच्या कामाचे फोटो दाखवले. “म्हणजे हे आधीच कुणी करून ठेवलंय?” असे ती जरा हिरमुसून म्हणाली, आणि मला फार हसू आले.

त्याच ऑगस्टमध्ये, ११ तारखेला, राहत इंदौरी गेले. कोरोनाची लागण झाली म्हणून इस्पितळात दाखल झाल्याचे त्यांनी सकाळी स्वतःच कळवले होते आणि संध्याकाळी बातमी आली. ते उर्दूचे शायर, पण त्यांच्या मुशायऱ्यांना आमच्यातले किती तरी जण जात. तरुणपणी त्यांनी याच शहरात दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या हे जुने लोक अभिमानाने सांगतात. ज्या माणसाला ऐकायला मैदाने भरत, त्याला मोजक्या माणसांनी रात्री दफन केले. त्या रात्री आमच्या मराठी समूहावर त्यांचे शेर देवनागरीत फिरत होते, आणि त्यावर नेहमीचा वाद कुणी घातला नाही.

दुसऱ्या लाटेविषयी मी जास्त लिहिणार नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ज्या समूहावर आदल्या वर्षी चैत्रांगणे आली होती त्यावर सकाळ-संध्याकाळ श्रद्धांजलीचे संदेश येऊ लागले. चैत्रांगण शिकवणाऱ्या त्या बाई त्यांत गेल्या. आमच्या एकांकिकांना वर्षानुवर्षे स्वतः वेशभूषा शिवून देणारे एक काका गेले, आणि वाचनालयात दिवाळी अंकांची यादी ठेवणारे एक गृहस्थ गेले, ज्यांना कोणता अंक कुणाकडे अडकला आहे हे वहीशिवाय सांगता येई. सांस्कृतिक काम म्हणून कुणी ज्यांचा सत्कार केला नसता अशी ही माणसे होती, आणि मंडळ प्रत्यक्षात त्यांच्यावर चालले होते.

२०२२ च्या रंगपंचमीला गेर पुन्हा निघाली, सप्टेंबरात झांक्याही निघाल्या, आणि आम्ही अर्धवट राहिलेली एकांकिका पुन्हा बसवायला घेतली. पहिल्याच तालमीत अडचण उभी राहिली. ज्या मुलाला आम्ही धाकट्या भावाची भूमिका दिली होती त्याला मिसरूड फुटले होते आणि आवाज फुटला होता; धाकटी बहीण झालेली मुलगी नायिकेपेक्षा उंच झाली होती. सगळी पात्रे नव्याने वाटावी लागली. पण मला अधिक खटकले ते मुलांचे बोलणे. दोन वर्षे मुलांनी शाळा मोबाइलवर केली, मित्रांशी गप्पा हिंदी-इंग्रजीत टाइप केल्या, आणि मराठी फक्त आई-बाबांशी, तीही जेवणाच्या पानावर. संवाद म्हणताना वाक्याच्या मध्ये ‘मतलब’ आणि ‘लेकिन’ येऊन बसू लागले, ळ पार गायब झाला, आणि लांब वाक्य आले की मुले श्वास कुठे घ्यायचा हे विसरू लागली. याच काळात त्यांनी पुण्या-मुंबईच्या मराठी मालिका आणि कार्यक्रम भरपूर पाहिले होते. ऐकल्याने भाषा कानात राहते, जिभेवर मात्र ती बोलल्यानेच येते, आणि बोलायला त्यांच्यासमोर कुणी नव्हते. पहिला महिना मी प्रॉम्प्टिंग सोडून नुसते उच्चारच करून घेतले.

प्रेक्षकही बदलले आहेत. पूर्वी कार्यक्रमाला अर्धा तास आधी येऊन खुर्च्या अडवणारी मंडळी आता विचारतात, “लाइव्ह आहे ना?” कीर्तनसप्ताहाचे थेट प्रक्षेपण आम्ही २०२२ मध्ये सुरू केले ते प्रकृतीमुळे येऊ न शकणाऱ्यांसाठी, आणि पहिल्याच सप्ताहात दिसून आले की दोन गल्ल्या पलीकडे राहणारी धडधाकट माणसेही घरीच पाहत आहेत. बुवा तबकातल्या नाण्यांवरून नव्हे तर ओसरलेल्या विठ्ठलनामावरून हे ओळखून गेले. यंदाच्या बैठकीत यावरून चांगलीच वादावादी झाली. प्रक्षेपण बंदच करा असे माझे मत होते. ते बंद केले तर आमच्यापैकी ज्यांनी मंडळ उभे केले त्यांनाच आपण वगळणार, असे खजिनदारांचे म्हणणे होते, आणि ते चूक नव्हते. चर्चा करता करता असे लक्षात आले की घरी बसणाऱ्यांपैकी निम्म्याजणांची खरी अडचण आमच्या सभागृहाचा जिना ही आहे; ते पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही. तेव्हा असा तोडगा निघाला की यंदा पूर्वरंग तेवढा थेट दाखवायचा, आख्यान ऐकायला मात्र यायचे, आणि सप्ताह सभागृहात न करता खाली इमारतीच्या पार्किंगमध्ये करायचा. बुवांना आणि तबल्याच्या काकांना हे पसंत आहे. आता संध्याकाळी सहा ते नऊ गाड्या बाहेर लावायला इमारतीतले सगळे तयार व्हायला हवेत. दोघे अजून ऐकत नाहीत, त्यांच्याशी बोलणे चालू आहे.